शिक्का एका गावचा, नळी दुसऱ्या गावची

कोताचं, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीचं, दार उघडलं की आधी वास यायचा. तेलाचा, जुन्या लाकडाचा आणि कोंदटलेल्या लोखंडाचा. 1984 सालच्या जूनमधली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी इतिहास शिकवत होतो आणि एनसीसीचं कामही माझ्याकडे होतं. मोजणीसाठी आम्ही दोघं बटालियनच्या कोतात बसलो होतो. उस्ताद एकेक रायफल खाली काढून नंबर वाचायचे, मी रजिस्टरात खूण करायचो. उस्ताद म्हणजे माण तालुक्यातले हवालदार. मराठा लाइट इन्फंट्रीतून आलेले, आणि निम्मी नोकरी आर्मररच्या हाताखाली काढलेले.

बट नंबर 9 आली तेव्हा मी रजिस्टरातून मान वर केली. ती माझी आवडती रायफल होती. ड्रिलपुरती ठेवलेली, नळीला भोक पाडून निकामी केलेली थ्री नॉट थ्री. दस्ता जिथे पोलादात शिरतो त्या पट्टीच्या उजव्या अंगाला कोरलेलं होतं : राजमुकुट, खाली जी. आर., खाली बी. एस. ए. कंपनी, 1917, आणि रोमन तीनच्या शेजारी एक बारीक तारा. हीच पट्टी दाखवून दोन वर्षं मी कॅडेटना गोष्ट सांगत आलो होतो. बर्मिंगहॅमला घडलेली ही रायफल, पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियाला गेलेली, कुतच्या वेढ्यात मराठा पलटणीतल्या कुणा जवानाच्या खांद्यावर असलेली. जवळच अपशिंगे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावची 46 माणसं कामी आली. त्यामुळे गोष्ट मुलांच्या काळजाला भिडायची. सुरुवातीला मी ‘अशीच रायफल’ म्हणत असे. पुढे कधी ‘हीच रायफल’ म्हणू लागलो, ते माझं मलाही कळलं नाही.

उस्तादांनी विचारलं, “सर, ही बंदूक कुठली म्हणून सांगता पोरास्नी?”

“बर्मिंगहॅमची. 1917 सालची.”

“आन् नळी?”

त्यांनी वरची लाकडी पट्टी उचकटून काढली आणि नळीचं मूळ उजेडाकडे धरलं. तिथे आर. एफ. आय. ही अक्षरं होती, रायफल फॅक्टरी इशापूर, आणि साल 1952. मग बोल्टच्या दांडीमागचा नंबर दाखवला. तो बॉडीच्या नंबराशी जुळत नव्हता. शेवटी रायफल पालथी करून पुढच्या लाकडावरचा दाबाचा ठसा अंगठ्याने पुसून दाखवला : रोमन लिपीत ‘स्लॅझ’, पुढे दोन आकडी साल. टेनिसच्या रॅकेटी बनवणाऱ्या स्लॅझेंजर कंपनीच्या ऑस्ट्रेलियातल्या कारखान्याने दुसऱ्या महायुद्धात तिथल्या लिथगो फॅक्टरीसाठी रायफलींचं लाकूड घडवलं, त्याची ती खूण.

“येवढा तुकडा गेला असंल लढाईला, सर,” मुकुटाच्या पट्टीवर बोट ठेवून ते म्हणाले. “नसंल बी गेला.”

त्यांनी लाकूड परत बसवलं आणि पुढचा नंबर वाचला. मला मात्र त्या रात्री झोप लागली नाही, आणि ती नळीमुळे नव्हे. कुतचा वेढा 29 एप्रिल 1916 ला शरणागतीने संपला. रायफलीवर साल होतं 1917. हे समजायला नळी काढायची गरजच नव्हती. सनावळ्या शिकवणाऱ्या माणसाने दोन वर्षं ते साल मोठ्याने वाचून दाखवलं होतं आणि त्याच दमात त्याच्याविरुद्ध जाणारी गोष्ट सांगितली होती. खूण डोळ्यासमोर असूनही मी ती वाचत नव्हतो. मला हवी होती ती गोष्ट तिच्यावर लादत होतो.

तेव्हापासून मी या खुणा शिकत गेलो. उस्ताद होते तोवर त्यांच्याकडून, पुढे पुस्तकांतून, आणि जिथे पाहायला मिळाल्या तिथे प्रत्यक्ष रायफलींवरून.

थ्री नॉट थ्री म्हणून आपण जिला ओळखतो ती ली-एनफील्ड. नावातलं एनफील्ड हे लंडनच्या उत्तरेचं सरकारी शस्त्र कारखान्याचं ठिकाण. पण तिथे बनली तीच एनफील्ड असं नाही. नमुना एक आणि कारखाने अनेक, त्यामुळे कोणती कुठली हा प्रश्न मुळात उभा राहतो. बर्मिंगहॅमची बी. एस. ए. ही 1861 साली तिथल्या बंदूक कारागिरांनी एकत्र येऊन काढलेली कंपनी. आपल्याकडे सायकलींवर दिसणारं बीएसए हे नाव मूळ त्याच बंदूक कारखान्याचं, आणि तिची निशाणी एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफलींची होती. लंडन स्मॉल आर्म्स ही आणखी एक. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधलं लिथगो. आणि आपलं इशापूर, कोलकात्याच्या उत्तरेला हुगळीकाठी. तिथे आधी ईस्ट इंडिया कंपनीचा बंदुकीच्या दारूचा कारखाना होता, 1904 साली रायफलींचा सुरू झाला.

पट्टीवरचा मुकुट आणि त्याखालची आद्याक्षरं कोणत्या राजाच्या अमदानीत बॉडी घडली ते सांगतात. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी, 1901 च्या जानेवारीपर्यंत. ई. आर. म्हणजे सातवा एडवर्ड, 1910 पर्यंत. जी. आर. ला मात्र सालाची जोड लागते, कारण जॉर्ज दोन होऊन गेले. इशापूरच्या रायफलींवर याच जी. आर. पुढे आणखी एक अक्षर असे, आय. रेक्स इम्पेरेटर, राजा आणि सम्राट. हिंदुस्थानात घडलेल्या पोलादावर सम्राटपद मुद्दाम कोरलं जाई. स्वातंत्र्यानंतर त्या मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. मला एखाद्या संग्रहात 1940 च्या दशकातली आणि 1950 च्या दशकातली इशापूरची रायफल शेजारी शेजारी पाहायला मिळाली, की मी त्या दोन पट्ट्यांसमोर बराच वेळ उभा राहतो. सत्तांतराचे कागद आपण खूप वाचले. सत्तांतराचं पोलाद फार थोड्यांनी पाहिलं आहे.

माझ्या 9 नंबरवरचा तो बारीक ताराही बोलका होता. 1907 साली मान्य झालेल्या मार्क 3 रायफलीला मॅगझीन अडवणारी एक सरकती पट्टी होती आणि दूरवर सामुदायिक मारा करण्यासाठी बाजूला वेगळी साइट होती. महायुद्ध पेटलं, रायफली पुरेनात, तेव्हा 1916 च्या जानेवारीत हे जास्तीचे भाग गाळून टाकायला मंजुरी मिळाली. ज्या नमुन्यातून ते गाळले त्याच्या नावापुढे तारा आला. सोपी केली, लवकर हवी होती, एवढा त्याचा अर्थ. खंदकात रोज किती रायफली निकामी होत असतील याचा हिशेब त्या एका ठिपक्यामागे आहे.

बाकीच्या खुणा जन्माबद्दल बोलतच नाहीत, आणि गोंधळ इथेच होतो. एकमेकांवर ठेवलेल्या दोन निशाणांचा ठसा ही परीक्षेची खूण. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस उडवून नळी टिकली की तो मारत. कावळ्याच्या पायासारख्या तीन रेषा ही सरकारी मालकीची खूण. असे दोन कावळ्याचे पाय टोकाला टोक लावून असतील तर ते हत्यार सरकारने विकून टाकलेलं आहे. मालकी आणि जन्मस्थान यांची गल्लत किती सहज होते याचं सर्वांत चांगलं उदाहरण अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीच्या रायफलींचं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या चिकोपी फॉल्सला तिने ली-एनफील्डचा नंबर 4 नमुना लाखांनी बनवला. त्यावर ठळक अक्षरांत ‘अमेरिकेची मालमत्ता’ असा ठसा आहे. वाचणारा म्हणतो, ही अमेरिकन फौजेची रायफल. प्रत्यक्षात ती अमेरिकन जवानांसाठी कधी बनलीच नव्हती. 1941 च्या उसनवारीच्या कायद्याखाली ब्रिटनला दिलेलं हत्यार कागदोपत्री अमेरिकेच्या मालकीचं राहावं म्हणून तो ठसा होता. तिथे अक्षरं खरी आहेत, खोटा ठरतो तो आपण घाईने लावलेला अर्थ.

आमच्या मराठी दप्तरांत हा भेद फार जुना आहे. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि अखेरीस मोर्तब. शिक्का कुणाच्या नावाने पत्र निघालं ते सांगतो, मोर्तब मजकूर तिथे संपला आणि पुढे कुणी काही घुसडलेलं नाही ते सांगते. मोडी वाचायला शिकवणारे गुरुजी या दोहोंची गल्लत करू देत नसत. रायफलीवर मात्र मी माथ्यावरचा शिक्का पाहून सगळं पत्र वाचल्याचं समाधान मानलं होतं.

खोट्या खुणांचं प्रकरण मला सगळ्यांत जास्त खिळवून ठेवतं. पेशावर आणि कोहाट यांच्या मधे दर्रा आदमखेल नावाचं गाव आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तिथले कारागीर ब्रिटिश रायफलींच्या हुबेहूब नकला हातावर घडवत आले. कानशी, भाता, हातोडी आणि समोर एक अस्सल नमुना, एवढ्यावर. घाट असा की लांबून फरक कळत नाही. पण पट्टी वाचायला घेतली की फरक उघडा पडतो. एनफील्डमधलं इंग्रजी ‘एन’ अक्षर उलटं पडलेलं असतं, स्पेलिंग चुकलेलं असतं. व्ही. आर. या अक्षरांखाली राणी जाऊन वीस वर्षं झाल्यानंतरचं साल असतं. घडवणाऱ्याला ती लिपी वाचता येत नव्हती. त्याच्या लेखी मुकुट आणि अक्षरं हा बंदुकीच्या अंगाचाच भाग होता, जसा खटका किंवा साइट. म्हणून त्याने तेही चित्रासारखं उतरवलं. आणि जी चूक त्याला दिसली नाही तीच आज त्या रायफलीचं खरं गाव सांगते.

बनावट ताम्रपट असेच पकडले जातात. मुंबई इलाख्यात नोकरी केलेल्या जे. एफ. फ्लीट यांनी दक्षिणेतल्या राजवंशांचे कित्येक ताम्रपट बनावट ठरवले. दानपत्रावरचं साल जुन्या राजाचं आणि अक्षरांचं वळण मात्र कित्येक पिढ्या नंतरचं, हा त्यांच्या कसोटीतला एक मोठा भाग होता. बनावट करणारा राजाचं नाव, वंशावळ, साक्षीदार सगळं जपतो. स्वतःच्या हाताचं वळण मात्र त्याला लपवता येत नाही.

पण दर्र्यातल्या कारागिराला मी भामटा म्हणायला तयार नाही. आपल्याकडच्या तलवारींचं काय? मराठेशाहीत फिरंग म्हणून जी तलवार मिरवली जाई तिची पाती युरोपातून आलेली, मूठ इथली. जर्मनीतल्या सोलिंगेनची, इटलीतल्या जिनोआची पाती नावाजलेली. जिनोआच्या पात्यांवर पापणीच्या केसांसारख्या दोन दातेरी कमानींची खूण असे. त्या खुणेचा लौकिक इतका झाला की इथल्या लोहारांनीही आपल्या पात्यांवर ती कोरली. गिऱ्हाईक ती खूण मागत होतं. त्यामुळे आज संग्रहालयात तशी कमान दिसली म्हणजे पातं जिनोआचं, असं म्हणता येत नाही. पोलादाची जात पाहावी लागते, पात्याच्या पन्हाळी पाहाव्या लागतात. काचेखालच्या पाट्यांवर ‘युरोपीय पाते’ असं ठामपणे लिहिलेलं मी अनेकदा वाचलं आहे, आणि दर वेळी मला उस्तादांचा प्रश्न आठवतो : आन् नळी?

आमच्या फायरिंग रेंजवर गोळीबार संपला की कॅडेट रिकाम्या पुंगळ्या वेचून मोजून जमा करत. त्यांच्या बुडाशीही जन्मखूण असते. थ्री नॉट थ्रीच्या पुंगळीवर के. एफ. ही अक्षरं आली की ती आपल्या खडकीची, 1869 पासून चालत आलेल्या पुण्याच्या कारखान्याची. पुढच्या काळात जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या पुंगळ्याही पाहिल्या, तो कारखाना 1964 चा. मुलांना इशापूर कुठे आहे ते नकाशात शोधावं लागे, खडकी त्यांनी एसटीतून पाहिलेली असे. एका मुलीने पुंगळी हातात घेऊन विचारलं होतं, “सर, म्हणजे बंदूक बंगालची आणि गोळी पुण्याची?” हो म्हणालो. 1947-48 च्या काश्मीरच्या लढाईत तर दोन्ही बाजूंच्या हातांत याच जातीच्या रायफली होत्या. पट्टी वाचून शत्रूची कोणती आणि आपली कोणती हे सांगता आलं नसतं.

इशापूरबद्दल एक चूक इतकी पसरली आहे की ती इथे नोंदवतो. 1962 च्या युद्धानंतर इशापूरने याच घाटाची पण 7.62 मिलिमीटरच्या काडतुसाची रायफल बनवली, 2 ए आणि मग 2 ए 1. तिला सर्रास ‘बदललेली थ्री नॉट थ्री’ म्हणतात. ती जुनी रायफल बदलून केलेली नाही. जास्त दाब सोसणाऱ्या वेगळ्या पोलादात ती नव्याने घडवली गेली. पट्टीवर 7.62 आणि आर. एफ. आय. स्वच्छ वाचता येतं, पण घाट ओळखीचा दिसला की लोक पट्टीकडे बघत नाहीत. त्याउलट .410 ची जी मस्केट पोलीस आणि तुरुंग पहाऱ्यासाठी होती, ती खरोखरच इशापूरला थ्री नॉट थ्री बदलून केलेली. नळीचे आटे घालवून ती गुळगुळीत केलेली, मॅगझीनची जागा भरून एका वेळी एकच काडतूस बसेल अशी. 1857 नंतर हिंदी माणसाच्या हातात शस्त्र देताना राज्यकर्त्यांचा हात किती आखडता होता, हे त्या बुजवलेल्या मॅगझीनकडे पाहिलं की समजतं.

माझा एक जुना कॅडेट पुढे गुन्ह्यांच्या तपासात शस्त्रं तपासण्याच्या कामात गेला. त्याने मला एकदा समजावून सांगितलं की नंबर कानशीने घासून काढला तरी तो सगळा जात नाही. ठसा मारताना त्याखालचं पोलाद आतवर दाबलं जातं, त्याचे कण ताणले जातात. वरचं अक्षर गेलं तरी तो ताण खाली राहतो. पृष्ठभाग गुळगुळीत करून त्यावर आम्लाचं मिश्रण फिरवलं की ताणलेलं पोलाद शेजारच्यापेक्षा वेगळ्या वेगाने झिजतं आणि आकडे थोडा वेळ उमटतात. तेवढ्यात फोटो काढायचा. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्याचं आठवं कलमही याच खुणांसाठी आहे. बंदुकीवरचं नाव, नंबर, ओळखचिन्ह पुसणं, काढणं, बदलणं किंवा खोटं कोरणं हा गुन्हा आहे, आणि खूण घासलेली बंदूक ज्याच्याकडे सापडेल त्यानेच ती घासली असं कायदा धरून चालतो. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी त्याची. 2005 च्या डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही छोट्या शस्त्रांवर कारखाना, देश आणि नंबर कोरण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक स्वीकारला. हत्यार कुणी घडवलं हे लपवावंसं वाटणाऱ्यांची संख्या कमी नाही, म्हणून हे सगळं लागतं.

उत्तर प्रदेश पोलिसांनी 26 जानेवारी 2020 च्या संचलनात थ्री नॉट थ्रीला निरोप दिला, तेव्हा मी तो टीव्हीवर पाहिला. 2008 च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आपले पोलीस हीच रायफल घेऊन एके-47 समोर उभे राहिले होते. ती जायला हवी होती, उशिराच गेली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. निवृत्त झालेली ही हजारो हत्यारं वितळवली जातील, ते योग्यच आहे. पण भट्टीत जाण्याआधी कुणीतरी प्रत्येकीची पट्टी, नळीचं मूळ आणि लाकडाची खालची बाजू वाचून लिहून ठेवावी, असं मला फार वाटतं. नंबर तेवढा लिहिला जातो. बाकीचं कुणी लिहीत नाही.

त्या जूननंतरच्या पहिल्या परेडला मी 9 नंबर मुलांपुढे धरली आणि मागच्या दोन वर्षांत सांगितलेली गोष्ट चुकीची होती हे सांगितलं. मग बॉडी, नळी, बोल्ट, लाकूड असं एकेक दाखवलं. कुतचा वेढा वेगळा सांगितला, रायफलीला न जोडता. आधीच्या तुकड्यांतली जी मुलं नंतर भेटली त्यांनाही सांगत राहिलो. काहींना ते आवडलं नाही. एकजण म्हणाला, “सर, तीच गोष्ट चांगली होती.” चांगली होती, हे मी नाकारलं नाही.

आमच्या भागात आज रायफल कुणाच्या घरी नाही, पण पणजोबांचं पहिल्या महायुद्धातलं पदक पुष्कळ घरांत आहे. एका बाजूला राजाचा चेहरा असतो, तो सगळे पाहतात. खरं वाचायचं ते त्याच्या कडेवर असतं : नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण, बारीक रोमन अक्षरांत. दर दसऱ्याला राखेने आणि चिंचेने घासून कित्येक पदकांची ती कड गुळगुळीत झालेली मी पाहिली आहे. तुमच्या घरात असं पदक असेल तर या वर्षी ते घासू नका. खिडकीच्या उजेडात तिरकं धरा, भिंग घ्या, आणि कडेवर जेवढी अक्षरं दिसतील तेवढीच वहीत उतरवा. जे दिसत नाही त्या जागी रेघ मारा.